मृगातला तापट तारा आणि त्याच्या शेजारचा ढग

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मार्गशीर्षातले गुरुवार चालू आहेत. सकाळी घट मांडायचा, दिवसभर उपास, संध्याकाळी कहाणी वाचायची, सवाष्णींना हळदीकुंकू द्यायचं. आज हे सगळं उरकलं आणि जेवणं झाली की नऊच्या सुमाराला पाच मिनिटं अंगणात या. ओट्यावरचा दिवा मालवा आणि पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहा. चार तेजस्वी ताऱ्यांचा एक मोठा चौकोन वर आलेला दिसेल. त्याच्या मधोमध तीन तारे एका ओळीत आहेत. माझी आजी त्यांना तिकांडं म्हणायची. हेच मृग नक्षत्र. चार तारे म्हणजे हरणाचे चार पाय आणि मधले तीन म्हणजे व्याधाने मारलेला, पोटात रुतलेला बाण.

आपल्याला मृग माहीत असतो तो जूनमधला. सात-आठ जूनला मृग लागला की बी-बियाण्याची गडबड सुरू होते. पण तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रापाशी असतो, म्हणून ते दिसत नाही. दिसतं ते आता, थंडीत. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेचा चंद्र याच नक्षत्राजवळ असतो, म्हणून तर महिन्याला मार्गशीर्ष म्हणतात.

आता त्या बाणाच्या उजव्या हाताला, म्हणजे दक्षिणेकडे, जरा नीट पाहा. तिथे आणखी तीन बारीक ठिपक्यांची एक आखूड ओळ दिसेल. तिच्यातला मधला ठिपका ताऱ्यासारखा लखलखीत नाही, धुरकट आहे. काचेवर फुंकर मारल्यावर वाफ जमते तसा. आजचं माझं बोलणं या धुरकट ठिपक्याबद्दल आहे.

हा विषय मी स्वतः निवडलेला नाही. खोडदला, आपल्या नारायणगावजवळ, ती मोठी रेडिओ दुर्बीण आहे ना, तिथे दरवर्षी फेब्रुवारीत विज्ञान दिनाच्या सुमाराला प्रदर्शन भरतं. एका गटाच्या बाया तिथे जाऊन आल्या. परत आल्यावर त्यांच्यातल्या एक ताई मला म्हणाल्या, "बाई, तिथे एकाने सांगितलं की तापलेल्या वायूमुळे शेजारच्या ढगात नवे तारे जन्मतात. दुसऱ्याने सांगितलं की तापलेल्या वायूमुळे ढग विरून जातो. आता खरं काय धरायचं? ज्याने ढग विरतो, त्यानेच तारा कसा जन्माला येईल?"

मी पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण इतका नेमका प्रश्न मला वर्गात फार कमी वेळा कुणी विचारला. मोठमोठे शास्त्रज्ञही याच प्रश्नावर गेली पन्नास वर्षं काम करत आहेत. तेव्हा नीट पायरीपायरीने जाऊ.

पहिली पायरी, तारा जन्मतो कसा? आकाशात ताऱ्यांच्या मधल्या जागेत वायूचे प्रचंड ढग आहेत. बहुतेक सगळा हायड्रोजन, आणि त्यात थोडी बारीक धूळ. हे ढग अतिशय गार असतात, शून्याच्या खाली अडीचशे अंशांहूनही गार. आपण त्यांना दाट म्हणतो, पण आपण श्वास घेतो त्या हवेच्या मानाने ते जवळजवळ पोकळच असतात. फक्त त्यांचा पसारा इतका मोठा असतो की एकेका ढगात हजारो सूर्य घडतील एवढा माल असतो. या ढगात कुठे कुठे गाठी असतात. गाठीचं स्वतःचं वजन तिला आत ओढत असतं. आतली थोडीशी ऊब आणि वायूची खळबळ तिला बाहेर ढकलत असते. ज्या गाठीत वजन जिंकतं, ती आकसत जाते, मध्यावर तापत जाते आणि लाखो वर्षांनी तिथे तारा पेटतो. जिच्यात वजन कमी पडतं, ती तशीच राहते किंवा विरून जाते. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

दुसरी पायरी. सगळे तारे सारखे नसतात. आपला सूर्य मध्यम आणि शांत आहे. पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंश तापलेला. पण मृगातल्या त्या धुरकट ठिपक्याच्या पोटात, लहान दुर्बिणीतूनही दिसेल अशी चार ताऱ्यांची चौकडी आहे. तिच्यातला सर्वांत तेजस्वी तारा सूर्याच्या तीसपटीहून जास्त वजनाचा आहे आणि त्याचा पृष्ठभाग सुमारे ३९ हजार अंश तापलेला आहे. इतक्या तापलेल्या ताऱ्यातून डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडापेक्षा अतिनील किरण जास्त बाहेर पडतात. हे किरण हायड्रोजनच्या अणूवर आदळले की त्यातला इलेक्ट्रॉन सुटा होतो. अणू फुटून दोन तुकडे झाले, एक धन आणि एक ऋण. अशा वायूला आयनीभूत वायू म्हणतात. तो ८ ते १० हजार अंशांपर्यंत तापतो आणि चमकायला लागतो. आपल्याला जो धुरकट ठिपका दिसतो तो हाच. सुमारे तेराशे प्रकाशवर्षं लांब आहे. म्हणजे आज रात्री त्याचा जो उजेड तुमच्या डोळ्यांत शिरेल, तो तिथून तेराशे वर्षांपूर्वी निघालेला आहे.

हा तापलेला भाग किती लांब पसरतो? १९३९ मध्ये डेन्मार्कच्या स्ट्रॉमग्रेन नावाच्या शास्त्रज्ञांनी याचा हिशोब मांडला. आपण पाटाने पाणी देतो तेव्हा काय होतं? पाणी पुढे जातं तसं जमिनीत जिरतही जातं. जितकं सोडलं तितकं जिरलं की पाणी थांबतं. तिथवर ओलं, त्याच्या पुढे कोरडं. इथेही तसंच आहे. सुटे झालेले इलेक्ट्रॉन पुन्हा अणूला येऊन मिळतात, त्यांना पुन्हा फोडायला किरण खर्ची पडतात. ताऱ्याचे सगळे किरण असे खर्च झाले की तिथे तापलेला प्रदेश संपतो. त्याची कड चांगली रेखीव असते. अलीकडे धगधगीत, पलीकडे गारठलेला ढग.

खोडदच्या त्या ताटल्या काय करतात, असंही गटातल्या काहीजणींनी विचारलं होतं. तो तापलेला वायू रेडिओ लहरीही सोडत असतो. ढगातल्या धुळीमुळे साधा उजेड अडतो, रेडिओ लहरी मात्र आरपार निघून येतात. प्रत्येकी ४५ मीटर रुंदीच्या तशा ३० ताटल्या आहेत. त्यांतल्या १४ खोडदजवळ, आणि बाकीच्या १६ तीन दिशांना पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. या दुर्बिणीने आपल्या देशातल्या शास्त्रज्ञांनी असे अनेक तापलेले प्रदेश धुळीच्या आड असूनही पाहिले आहेत. तुमच्या एसटीच्या खिडकीतून दिसणाऱ्या त्या ताटल्यांचं हेही एक काम.

आता तिसरी पायरी, आणि ताईंच्या प्रश्नाचा गाभा. तापलेल्या वायूने शेजारच्या ढगाचं काय होतं?

तव्यावरची भाकरी आठवा. उलटून विस्तवावर टाकली की आतल्या पाण्याची वाफ होते. वाफेला जागा जास्त लागते, म्हणून पापुद्रा टम्म फुगतो. ढगातही हेच घडतं. गार वायू एकदम शेकडो पटींनी तापला. शिवाय हायड्रोजनच्या एका रेणूचे फुटून चार कण झाले. त्यामुळे आतला दाब आजूबाजूच्या ढगापेक्षा हजारपटीहून जास्त वाढतो. तो प्रदेश सेकंदाला काही किलोमीटर या वेगाने फुगायला लागतो आणि शेजारच्या गार ढगाला रेटायला लागतो. भाकरीला कुठे चीर असेल तर काय होतं? तिथून वाफ फसकन निघून जाते आणि पापुद्रा फुगत नाही. मृगातला तेजोमेघ नेमका असाच आहे. मागच्या दाट ढगाच्या पुढच्या कडेवर तो बसलेला आहे आणि आपल्या बाजूने त्याला चीर पडली आहे. तापलेला वायू तिथून आपल्या दिशेने बाहेर पडतो आहे. ती चीर पडली म्हणूनच आपल्याला आतलं दिसतं.

या रेट्याने तीन गोष्टी होऊ शकतात.

एक, गोळा होणं. अंगण झाडताना केर खराट्याच्या पुढे पुढे जमत जातो, तसा फुगणाऱ्या प्रदेशाच्या कडेवर ढगातला वायू जमत जातो. जाडसर थर तयार होतो. तो पुरेसा जड झाला की स्वतःच्या वजनाने त्याचे तुकडे पडतात, गाठी होतात आणि गाठींतून तारे जन्मतात. १९७७ मध्ये एल्मग्रीन आणि लाडा या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी ही कल्पना मांडली. ताऱ्यांची एक पिढी शेजारी दुसरी पिढी घडवते, दुसरी तिसरीला, असं ते म्हणाले.

दोन, आवळलं जाणं. ढगात आधीच एखादी दाट गाठ असेल आणि तिच्यावर एका बाजूने हे किरण पडले, तर त्या बाजूचा पृष्ठभाग उकळून वाफेसारखा उडायला लागतो. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकला की स्वतःच्याच वाफेवर तो नाचतो, पाहिलंय ना? वाफ एका बाजूला जाते आणि थेंबाला दुसऱ्या बाजूला ढकलते. तशीच ती गाठही आत दाबली जाते. कधी कधी एवढा दाब पुरतो, वजन जिंकतं आणि तारा पेटतो.

तीन, विरून जाणं. ढग विरळ असेल, गाठ कच्ची असेल, तर तिच्यातला माल उडून जातो आणि तिथे काही जन्मत नाही. मृगातच हे स्पष्ट दिसतं. त्या चौकडीच्या आसपास नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्यांभोवती वायू-धुळीच्या चकत्या आहेत. अशाच चकतीतून ग्रह घडतात, आपली पृथ्वीही तशीच घडली. १९९०च्या दशकात हबल दुर्बिणीने या चकत्यांचे फोटो काढले तेव्हा दिसलं की जवळच्या तापट ताऱ्यामुळे त्यांचा वायू उडून चालला आहे. कित्येकींच्या मागे शेपटी लागली आहे. तिथल्या बाळांचं तोंडचं दूध पळवलं जातंय म्हणा ना. आणि २०१९ मध्ये विमानात बसवलेल्या सोफिया नावाच्या दुर्बिणीच्या निरीक्षणांतून कळलं की त्या मोठ्या ताऱ्यातून सुटणारा जोराचा वारासुद्धा पुढच्या बाजूचा ढग सेकंदाला तेरा किलोमीटर वेगाने ढकलून मोकळा करतो आहे.

तर ताई, तुम्हाला सांगणारे दोघेही खरं बोलत होते. तोच तारा, तोच ताप. एका ठिकाणी घडवतो, दुसऱ्या ठिकाणी विरवतो. ठरतं कशावरून? पुष्कळसं ढगाच्या घट्टपणावरून. आधीच किती माल एकत्र आलेला होता आणि त्या ताऱ्यापासून अंतर किती होतं, यावरून.

इथे थांबले असते तर गोष्ट सोपी झाली असती. पण खरा पेच पुढे आहे. तो आपल्या आयुष्यालाही लागू पडतो, म्हणून मी हा विषय घेतला.

फुगलेल्या प्रदेशाच्या कडेवर नवा तारा दिसला. तो त्या रेट्यामुळेच जन्मला, असं म्हणायचं का? की तो तसाही जन्मणार होता, आणि रेटा येईपर्यंत त्याची तयारी झालेलीच होती?

गरुड तेजोमेघ म्हणून एक जागा आहे, मृगाहून कितीतरी लांब. तिथल्या वायूच्या तीन उंच खांबांचा फोटो हबलने १९९५ मध्ये काढला. तुमच्या मुलांच्या पुस्तकात कदाचित असेल. त्या खांबांच्या टोकाला लहान लहान दाट गाठी आहेत. शास्त्रज्ञांनी त्यांना चक्क अंडीच म्हटलं. सगळ्यांना वाटलं, या प्रत्येक अंड्यात तारा असणार. २००२ मध्ये दोघांनी धुळीच्या आरपार पाहणाऱ्या दुर्बिणीने ती एकेक करून तपासली. ७३ अंडी होती. त्यांतल्या फक्त ११ मध्ये कोवळे तारे असल्याच्या खुणा मिळाल्या. खुडूक कोंबडीखाली ७३ अंडी ठेवली आणि ११ पिल्लं निघाली, तर आपण ऊब चांगली मिळाली असं म्हणू का? आणि त्या ११ मधलेही किती रेट्यामुळे घडले आणि किती आधीच घडत होते, हे नुसत्या फोटोवरून कळत नाही.

दुसरा मार्ग मोजणीचा. खूप जागा पाहायच्या आणि हिशोब मांडायचा. आपल्या आकाशगंगेचे फोटो इंटरनेटवर ठेवले गेले आणि सर्वसामान्य माणसांना सांगितलं गेलं की यात तापलेल्या वायूचे गोल बुडबुडे दिसले की त्यावर खूण करा. पस्तीस हजारांहून जास्त माणसांनी घरी बसून हे काम केलं आणि पाच हजारांहून जास्त बुडबुड्यांची यादी तयार झाली. त्यांत शास्त्रज्ञ थोडे, बाकी सगळे तुमच्या-माझ्यासारखे. ही यादी वापरून २०१२ मध्ये हिशोब केला, तेव्हा दिसलं की कोवळे जड तारे बुडबुड्यांच्या कडेला जास्त सापडतात. आणि असा अंदाज निघाला की जड ताऱ्यांपैकी शंभरात सुमारे २२ अशा रेट्यामुळे घडले असावेत. असावेत, असा शब्द त्यांनी वापरला. घडलेच, असा नाही.

तिसरा मार्ग संगणकाचा. संगणकात एक खोटा ढग तयार करायचा आणि तो दोनदा चालवायचा, एकदा तापट ताऱ्यासह आणि एकदा त्याच्याशिवाय. मग दोन्हींतले तारे ताडून पाहायचे. असं केल्यावर लक्षात आलं की कडेवर दिसणारे कित्येक तारे ताऱ्याशिवायही जन्मलेच असते. काही मात्र खरोखर रेट्यामुळे जन्मले. आणि काही जन्मणार होते ते जन्मलेच नाहीत, कारण त्यांचा माल उडून गेला. जे जन्मलेच नाहीत ते फोटोत कुठून दिसणार? आपण फक्त दिसणाऱ्यांची मोजणी करतो आणि सगळं श्रेय रेट्याला देऊन टाकतो.

मैत्रिणींनो, इथे मी तुम्हाला पुन्हा त्या बाणाकडे नेते. बाणाचा सर्वांत खालचा तारा पाहा. त्याच्या अगदी जवळ, साध्या डोळ्यांना न दिसणारी, घोड्याच्या डोक्यासारखी एक काळी आकृती आहे. तो गार, दाट धुळीचा ढग आहे, आणि मागचा तापलेला वायू चमकतो म्हणून त्याची काळी सावली उठून दिसते. जवळच्याच एका तापट ताऱ्याचे किरण त्याला रोज थोडं थोडं झिजवत आहेत. हे घोड्याचं डोकं पहिल्यांदा पाहिलं एका बाईने, १८८८ मध्ये.

त्यांचं नाव विल्यमिना फ्लेमिंग. जन्म स्कॉटलंडचा, १८५७ सालचा. लग्न करून नवऱ्याबरोबर अमेरिकेत बोस्टनला आल्या. तिथे नवरा त्यांना सोडून गेला, तेव्हा त्या गरोदर होत्या. परका देश, पोटात मूल, हातात पैसा नाही. त्यांनी एका घरी मोलकरणीचं काम धरलं. ते घर हार्वर्डच्या वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांचं होतं. बाईंची हुशारी तिथे दिसली आणि १८८१ मध्ये त्यांना वेधशाळेत कामावर घेतलं गेलं. काचेच्या तबकड्यांवर आकाशाचे फोटो असायचे. भिंग घेऊन त्यातला एकेक ठिपका तपासायचा, हे काम. अशाच एका तबकडीवर त्यांना तो काळा आकार दिसला. पण पुढे त्या काळची तेजोमेघांची मोठी यादी छापली गेली, तेव्हा शोधापुढे नाव आलं पिकरिंग यांचं. बाईंचं नाव नव्हतं. त्यांनी हजारो ताऱ्यांचं वर्गीकरण केलं, वेधशाळेतल्या इतर बायकांच्या कामाची जबाबदारी सांभाळली, १८९९ मध्ये त्यांना हार्वर्डमध्ये रीतसर पद मिळालं आणि १९०६ मध्ये इंग्लंडच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना मानाचं सभासदत्व दिलं.

त्यांची गोष्ट सांगताना बरेच जण म्हणतात, बघा, नवऱ्याने सोडलं म्हणून त्या एवढ्या मोठ्या झाल्या. मला हे वाक्य खटकतं. आपल्या गावातही हे ऐकू येतं. एखादी बाई विधवा होते, किंवा टाकलेली असते, आणि पुढे ती दूध डेअरी चालवते, सरपंच होते, मुलींना शिकवते. मग लोक म्हणतात, दुःखाने तिला घडवलं. वर असंही म्हणतात की सगळं सुरळीत असतं तर ती चुलीपुढेच बसली असती. म्हणजे श्रेय कुणाला? धक्क्याला. सोडून जाणाऱ्याला!

माझ्या स्वतःच्या मोठ्या बहिणीला असंच टाकलं होतं. तिच्याकडे कुणी बोट दाखवून उदाहरण देत नाही, कारण ती उभी राहू शकली नाही. माहेरच्या मागच्या खोलीत बावीस वर्षं शिवणकाम करत तिने दिवस काढले आणि गेली. शाळेत ती माझ्यापेक्षा हुशार होती. पाढे तिनेच मला शिकवले. धक्का दोघींनाही तोच होता, फ्लेमिंगबाईंना आणि तिला. पण त्यांना जिथे काम मिळालं तिथे कुणीतरी त्यांची हुशारी पाहिली आणि हातात भिंग दिलं. माझ्या बहिणीला सातवीतून काढलं होतं, आणि तिची हुशारी पाहायला त्या खोलीत कुणी आलं नाही. मीसुद्धा पुरेशी गेले नाही, हे आज इथे कबूल करते.

म्हणून मला ढगांचा तो हिशोब फार महत्त्वाचा वाटतो. शास्त्रज्ञ जे शिकले ते आपणही शिकू या. ७३ पैकी जी ६२ अंडी रिकामी निघाली, तीही मोजायची. संकटातून उभी राहिली तिचं कौतुक जरूर करायचं, पण संकटाचं नाही. ढग घट्ट होता म्हणून तारा जन्मला. ढग विरळ असता तर त्याच तापाने तो उडून गेला असता. आणि बाईच्या आयुष्यात हा घट्टपणा आकाशातून येत नाही. मुलीचं शिक्षण पुरं होणं, सातबाऱ्यावर तिचं नाव असणं, बँकेत स्वतःचं खातं असणं, आणि वेळ पडली तर दार ठोठावायला एक गट असणं, यातून तो येतो. गटाच्या बैठकीला महिन्याला जमवलेले पैसे म्हणजे नुसती बचत नाही. धक्का बसायच्या आधी झालेली ती जमवाजमव असते. ढगाचं काम आपल्या हातात नाही. हे मात्र आपल्या हातात आहे.

एक शेवटची गोष्ट सांगते आणि थांबते. आपला सूर्यही अशाच गर्दीत जन्मला असावा. १९६९ मध्ये मेक्सिकोत एक मोठी उल्का पडली. तिच्यातल्या खड्यांमध्ये शास्त्रज्ञांना एका खास प्रकारच्या ॲल्युमिनियमच्या खुणा सापडल्या. हे ॲल्युमिनियम टिकत नाही, दर सात लाख वर्षांनी निम्मं होत जातं. म्हणजे सूर्य आणि पृथ्वी घडत होती तेव्हा ते ताजं होतं. आणि ते बनतं जड ताऱ्यांच्या पोटात. त्यामुळे बहुतेक शास्त्रज्ञांना वाटतं की आपल्या सूर्याच्या जन्माच्या वेळी शेजारी असे जड, तापट तारे होते. त्यांनी आपल्याला घडवलं की नुसतं सोसायला लावलं, याचं उत्तर अजून कुणाकडे नाही. ते तारे केव्हाच संपले. आपण राहिलो.

तर आज रात्री अंगणात या. मुलींना, सुनांना सोबत घ्या, आणि सासूबाईंनाही उठवा, त्यांना तिकांडं तुमच्याआधी सापडेल. बाणाच्या उजवीकडचा तो धुरकट ठिपका त्यांना दाखवा. बाणातले तारे आधी जन्मलेले, सुमारे पन्नास लाख वर्षांचे. धुरकट ठिपक्यातले नंतरचे, दहा-वीस लाख वर्षांचे. म्हणजे एकाच नजरेत दोन पिढ्या दिसतील. पहिलीने दुसरीला घडवलं का, असं मुलींनी विचारलं तर घाईने हो म्हणू नका. आधी सगळ्यांची मोजणी करायची असते, असं सांगा. जे जन्मले त्यांची, आणि जे जन्मू शकले नाहीत त्यांचीही.

पुढच्या बैठकीत तुमच्या गटातही एक मोजणी करा. आपल्या वाडीत सातवी-आठवीत शाळा सुटलेल्या मुली किती? नावं लिहा. नुसता आकडा नको, नावं. आणि त्या यादीतल्या एकीच्या घरी तरी या महिन्यात जाऊन या.